क्युबिट मोजता, वर्षं कोण मोजणार?

मायकोप्लाझ्मा मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी भेटला. भेटला म्हणजे, तो आधीपासूनच होता. मला उशिरा दिसला. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही. इतका लहान आणि लवचीक, की जिवाणू अडवायला वापरतात त्या गाळणीतूनही सटकतो. दुसरे जिवाणू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत, शिरले की माध्यम गढूळ होतं, रंग बदलतो, वास सुटतो. हा शिरला तरी फ्लास्क स्वच्छ गुलाबी दिसत राहतो. पेशी वाढतात, फक्त जरा वेगळ्या वागतात. आणि माझ्या थिसिसचा विषयच मुळी पेशी वेगळ्या का वागतात हा होता.

एका रात्री केंद्रकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. निळ्या गोल केंद्रकांच्या भोवती, जिथे काहीच दिसायला नको होतं तिथे, बारीक निळे ठिपके. मीठ सांडल्यासारखे. आठ महिन्यांचं काम त्या ठिपक्यांत गेलं. फ्लास्क ब्लीचमध्ये रिकामे केले, इन्क्युबेटर पुसून काढला, आणि सकाळी गाईडना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, पेपर पाठवला नव्हता." खरंच बरं झालं होतं. पण फेलोशिपचं घड्याळ काही त्या आठ महिन्यांपुरतं थांबलं नाही.

त्याच काळात माझी रूममेट भौतिकशास्त्राच्या इमारतीत अतिवाहक (रोधाविना वीज वाहणाऱ्या) सर्किटांवर काम करत होती. तिच्या लॅबमध्ये डायल्युशन रेफ्रिजरेटर होता. क्वांटम संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक बातमीला ज्याचा फोटो लावतात ते सोनेरी झुंबर म्हणजे त्याचाच आतला भाग. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणारा हा फ्रिज चिपला निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे एका अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागापर्यंत, नेतो. फोटोत त्याचा आवाज येत नाही. 'च्यूक, च्यूक' असा, सेकंदाला एकाहून थोडा जास्त, दिवसरात्र चालणारा ठोका. सुट्टीत घरी गेलं की शांततेमुळे झोप येत नाही, असं ती म्हणायची. त्या तापमानाला खाली जायला दोन दिवस लागायचे. खाली गेल्यावर कळायचं, की केसाहून बारीक ॲल्युमिनियमची एक तार चिपवरून उचकटली आहे. मग फ्रिज गरम करा, डबे उघडा, तार लावा, डबे बंद करा, हवा काढा, पुन्हा थंड करा. एका तारेला एक आठवडा. काय चाललंय म्हणून विचारलं की ती एवढंच म्हणायची, "फ्रिज गरम करतेय गं." त्यात सगळं आलं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. प्रयोग असेच असतात, आणि ज्याला हे सोसत नाही त्याने या वाटेला जाऊ नये हे मलाही मान्य आहे. मला विचारायचंय ते हिशेबाबद्दल. ते आठ महिने आणि तो आठवडा कोणाच्या खात्यावर पडला?

गेल्या दशकात क्वांटम तंत्रज्ञानासाठी सरकारांनी तिजोऱ्या उघडल्या. ब्रिटनचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये दहा वर्षांसाठी एक अब्ज युरोंचा कार्यक्रम सुरू केला, त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेने त्यासाठी कायदाच केला, भारताने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. अशा घोषणांची भाषा आता पाठ झाली आहे. क्युबिट (क्वांटम संगणकातलं माहितीचं मूलभूत एकक) किती, सुरक्षित संदेश किती किलोमीटर जाणार, स्टार्टअप किती उभे राहणार. आणि शेवटी कुठेतरी 'कुशल मनुष्यबळ'. हा शब्द मला खटकतो. बळ म्हटलं की ते अश्वशक्तीसारखं मोजता येतं, लागेल तेवढं आणता येतं, नको झालं की बंद करता येतं. प्रत्यक्षात त्या शब्दाच्या आत बावीस ते पस्तीस या वयातली माणसं असतात, आणि जैवतंत्रज्ञान व क्वांटम या दोन्ही क्षेत्रांत यंत्रांहून महाग काही खर्च होत असेल तर ते त्यांचं हे वय. पैसे देणाऱ्यांच्या वहीत त्यासाठी रकानाच नाही. जैवतंत्रज्ञानाने ही चूक एकदा करून झाली आहे. क्वांटम आज त्याच वळणावर उभं आहे, आणि थोरल्या भावंडाचं काय झालं ते विचारायला त्याला सवड नाही.

काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यात कोणी खलनायक नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं वार्षिक बजेट १९९८ ते २००३ या पाच वर्षांत दुप्पट झालं, सुमारे साडेतेरा अब्ज डॉलरवरून सत्तावीस अब्जांपर्यंत. जीवशास्त्रासाठी हे सुगीचे दिवस होते. विद्यापीठांनी कर्ज काढून इमारती बांधल्या, नवे प्राध्यापक घेतले. प्रत्येक नव्या लॅबला हात हवे होते, आणि शिकलेल्या हातांत सर्वांत स्वस्त हात पीएचडीच्या विद्यार्थ्याचे. १९९८ मध्ये आत घेतलेला विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी बाहेर पडला तेव्हा बजेट सपाट झालं होतं आणि महागाई ते वरून कुरतडत होती. ग्रँटसाठी अर्ज करणारे वाढलेले, वाटायची रक्कम तेवढीच. प्रस्ताव मंजूर होण्याचं प्रमाण घसरलं. प्राध्यापकाची जागा मिळेना म्हणून माणसं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नेमणूक, करत राहिली, एक संपला की दुसरा. पुढच्या डब्यात जागा होईपर्यंत दारात लटकून राहावं तशी. यातला प्रत्येक निर्णय त्या-त्या माणसाच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता. बेरीज तेवढी चुकली.

आणि ती चुकणार हे सांगून झालं होतं. बजेट वाढायला लागलं त्याच वर्षी, १९९८ मध्ये, शर्ली टिल्गमन यांच्या अध्यक्षतेखालच्या एका समितीने जीवशास्त्रातल्या पीएचडींची संख्या आणखी वाढवू नका असा सल्ला दिला होता. भरलेल्या ताटापुढे पथ्य कोण ऐकतं? सोळा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच टिल्गमन आणि त्यांच्यासोबत ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर आणि हॅरोल्ड व्हार्मस अशा चौघांनी मिळून लेख लिहिला. ही सगळी व्यवस्था ती कायम वाढतच राहील या गृहीतकावर उभी आहे आणि ते गृहीतक खोटं आहे, असा त्याचा आशय. लिहिणारे कोणी नाराज विद्यार्थी नव्हते. व्हार्मस नोबेलविजेते, आणि दुप्पटीकरण सुरू झालं तेव्हा त्याच आरोग्य संस्थेचे संचालक. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच घराचा पाया खचलाय म्हणून सांगितलं.

हे गणित कळायला अर्थशास्त्र लागत नाही. एका प्राध्यापकाने तीस वर्षांत पंधरा जणांना पीएचडी दिली, तर तो निवृत्त झाल्यावर त्याची खुर्ची एकालाच मिळते. उरलेले चौदा दुसरीकडे जाणार. त्यात वाईट काहीच नाही, उलट जावंच. पण त्या पंधराही जणांना खुर्चीसाठीच घडवायचं, खुर्ची न मिळालेल्यांना 'बाहेर गेला' म्हणायचं, आणि पुढच्या वर्षी आणखी तीन घ्यायचे, हा अप्रामाणिकपणा आहे. आमच्याकडे कंपनीत गेलेल्या सीनियरबद्दल बोलताना आवाज खाली यायचा. जणू माणूस वारला होता.

क्वांटमवाले यावर म्हणतील, आमच्याकडे उलटं आहे. खरंय, आज तरी. कंपन्या विद्यार्थ्यांना थिसिस संपण्याआधीच उचलतात, गाईड लोकांची तक्रार माणसं टिकत नाहीत ही आहे. पण ही मागणी कशावर उभी आहे तेही पाहायला हवं. २०१९ मध्ये गूगलच्या ५३ क्युबिटांच्या सिकामोर चिपने एक खास बेतलेलं गणित करून दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्याच १०५ क्युबिटांच्या विलो चिपने त्याहून मोलाची गोष्ट दाखवली: क्युबिट वाढवले तशा चुका कमी झाल्या. ही खरी प्रगती आहे, तिला नाक मुरडण्याचं कारण नाही. आता दुसरं टोक बघा. ऑनलाइन व्यवहार गुप्त ठेवायला आज वापरतात ती २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला किती क्युबिट लागतील? २०१९ चा एक नावाजलेला अंदाज होता दोन कोटी क्युबिट आणि आठ तास. त्यातल्याच एका संशोधकाने २०२५ मध्ये तो दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथवर खाली आणला. सहा वर्षांत गरज वीसपटीने घटली, हे थक्क करणारं आहे. तरी शंभर आणि दहा लाख यांच्यात जे अंतर उरतं ते एखाद्या कंपनीच्या ताळेबंदाला पेलेल की नाही, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. गुंतवणूकदाराने पैसे काढून घेतले तर तो दुसरीकडे लावतो. ज्याने पाच वर्षं क्युबिटांवर घातली त्याला ती काढून घेता येत नाहीत.

जनुक-उपचाराच्या क्षेत्राने हा हिवाळा पाहिलेला आहे. पहिली मान्यताप्राप्त चाचणी १९९० मधली. पुढची नऊ वर्षं उत्साहाची. १९९९ मध्ये एका चाचणीत अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि क्षेत्र गोठलं. जन्मजात दृष्टिदोषावरच्या पहिल्या जनुक-उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१७ च्या डिसेंबरात. मधल्या अठरा वर्षांत जनुक पेशीत पोचवणारी विषाणूंची वाहकं सुधारत कोणीतरी बसलं होतं म्हणून ते झालं. त्या काळात ज्यांनी पीएचडीसाठी हा विषय निवडला, त्यांना घरी काय सांगावं लागलं असेल याचा मी कधीकधी विचार करते.

इथे नेहमीचं उत्तर येतं: धीर धरणाऱ्याला फळ मिळतं, कॅटालिन कॅरिको बघा. बघूच. मेसेंजर आरएनएवर काम करणाऱ्या कॅरिकोंना ग्रँट मिळत नव्हत्या, १९९५ मध्ये त्यांना पदावनत करण्यात आलं. ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा कळीचा पेपर आला २००५ मध्ये, तेव्हाही फारशी दखल कोणी घेतली नाही. कोविडच्या लशींनी जग बदललं आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट समारंभांत चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला ती आरोपपत्रासारखी वाटते. एवढं महत्त्वाचं काम एका बाईच्या हट्टावर आणि सहनशक्तीवर सोडून दिलं होतं. ती हरली असती तर हरल्याचं आपल्याला कळलंही नसतं.

हरलेल्यांपैकी एकाची गोष्ट निव्वळ योगायोगाने माहीत आहे. डग्लस प्रॅशर. जेलीफिशमध्ये जीएफपी नावाचं हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं, त्याचं जनुक १९९२ मध्ये यांनी वेगळं केलं. पुढच्या कामासाठी पैसे मिळाले नाहीत तेव्हा ते जनुक त्यांनी मागणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना पाठवून दिलं आणि स्वतः त्या विषयातून बाहेर पडले. २००८ मध्ये त्या प्रथिनासाठी रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यात ते दोघे होते. प्रॅशर तेव्हा अलाबामा राज्यात मोटारींच्या एका शोरूममध्ये गिऱ्हाइकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. विजेत्यांनी त्यांना समारंभाला बोलावलं, मोठ्या मनाने श्रेयही दिलं, नंतर काही वर्षं कामही दिलं. माझ्या थिसिसमधला निम्म्याहून जास्त डेटा त्या हिरव्या प्रकाशाचा आहे. लॅबमध्ये आम्ही दिवसातून पन्नासदा 'जीएफपी' म्हणायचो. प्रॅशर हे नाव मला पदवी मिळाल्यावर कळलं.

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, कारण वरचं वाचून कोणी म्हणेल की मग हमखास फळ देणारेच विषय निवडा आणि मोजके विद्यार्थी घ्या. तसं करून चालणार नाही, कारण फळ कुठे लागणार हे आधी कळतच नाही. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, ते १९८४-८५ मध्ये बर्कलीला केलेल्या प्रयोगांसाठी. त्या लॅबमध्ये क्लार्क गाईड होते, देव्होरे पॅरिसहून आलेले पोस्टडॉक, आणि मार्टिनिस पीएचडीचे विद्यार्थी. हातात घेता येईल एवढं सर्किटसुद्धा क्वांटम नियमांनी वागतं, हे त्यांनी दाखवलं. आजचे अतिवाहक क्युबिट त्याच कामाची नातवंडं; २०१९ ची ती सिकामोर चिपही मार्टिनिस यांच्याच गटाने केलेली. पण १९८५ मध्ये मार्टिनिस 'क्वांटम तंत्रज्ञान' या शाखेत नव्हते, कारण अशी शाखाच नव्हती. त्यांच्या सर्किटात जो जोसेफसन जोड (दोन अतिवाहकांमध्ये पातळ अडथळा असलेला सांधा) होता त्याचं भाकीत १९६२ मध्ये केंब्रिजला केलं ते बावीस वर्षांच्या एका संशोधक विद्यार्थ्याने. त्यालाही कोणी मिशनखाली भरती केलं नव्हतं.

क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राचंही तेच. स्पेनमधल्या अलिकान्ते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका १९८९ मध्ये पीएचडीला लागले, मिठागरातल्या सूक्ष्मजीवांवर. खारट पाण्यात हे जीव कसे तगतात हा प्रश्न. त्यांच्या डीएनएमध्ये ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे तुकडे सापडले, १९९३ मध्ये त्यावर पेपर आला. हे तुकडे म्हणजे जिवाणूंची विषाणूंविरुद्धची प्रतिकारव्यवस्था असावी, असं मोहिकांनी सुचवलं तेव्हा तो लेख मोठ्या नियतकालिकांनी परत पाठवला. २००५ मध्ये तो एका लहान नियतकालिकात छापून आला. २०१२ मध्ये याच व्यवस्थेची डीएनए कापणारी कात्री झाली आणि २०२० मध्ये कात्री करणाऱ्या शार्पेंटिए आणि डाउडना यांना नोबेल. 'जनुक-संपादन' असं नाव लावून कोणी १९८९ मध्ये प्रस्ताव मागवले असते, तर मिठागरं त्यात बसली नसती.

म्हणून मिशनची पाटी पाहून पैसे देणं मला धोक्याचं वाटतं. पाटी लागली की सगळे प्रस्ताव पाटीखाली सरकतात. चुंबकत्वावर काम करणारा 'क्वांटम पदार्थ' लिहितो, प्रकाशावर काम करणारा 'क्वांटम संवेदन', आणि ज्याला खरोखर मिठागरात जायचंय तो घरी बसतो. विद्यार्थीही पाटी बघून येतात. दोन-तीन वर्षांत विषय निघून गेला की हातात काय उरलं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

विषय निघून जातो म्हणजे काय, ते प्रथिनांच्या लोकांनी पाहिलं. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांची जागतिक पेढी, प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झाली. पुढे पन्नास वर्षं जगभरच्या लॅबांनी त्यात एकेक रचना घातली. स्फटिक वाढवायचा, तो मोडायचा, पुन्हा वाढवायचा, क्ष-किरणांत धरायचा. एक प्रथिन म्हणजे एक थिसिस, हा हिशेब आमच्या आधीच्या पिढीत सर्रास होता. त्या साठ्यावर शिकून प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणारा अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम तयार झाला, आणि २०२२ मध्ये त्याने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज उघडे करून टाकले. २०२४ च्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा त्यासाठीच, आणि तो रास्तच आहे. पण अल्फाफोल्ड ज्यावर शिकला ती पुस्तकं कोणी लिहिली? प्रत्येक नोंदीमागे कोणाची तरी चार-पाच वर्षं आहेत. आणि २०२१ मध्ये तिसऱ्या वर्षात असलेल्या, एकाच प्रथिनाची रचना शोधणाऱ्या विद्यार्थ्याला एका सकाळी आपला प्रश्न सुटलेला दिसला असेल. त्याचे हात वाया गेले नाहीत. प्रथिन शुद्ध करणारे हात कुठेही चालतात. पण त्याला हे सांगणारं, नवा प्रश्न द्यायला एक वर्ष जास्त देणारं कोणी होतं का, यावर सगळं अवलंबून होतं.

तर मागायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात. त्यातली पहिलीच खरी, बाकीच्या तिच्या मागोमाग येतात.

पीएचडी करणाऱ्याला नोकरीवर ठेवा. विद्यार्थी हा शब्द गोड आहे, पण त्याच्या आडून बरंच काही लपतं. स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स इथे पीएचडी करणारा बहुतांशी कर्मचारी असतो: ठरलेल्या वर्षांचा करार, पगार, रजा, आजारपण, बाळंतपण सगळं नियमात. जर्मनीतही करार असतो, पण बहुतेकदा अर्ध्या-पाऊण पदाचा, आणि काम मात्र पूर्ण पदाचं. २०२१ मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी 'मी हान्ना आहे' (हान्ना हे अशा करारांची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतलं पात्र) म्हणत तात्पुरत्या करारांविरुद्ध आवाज उठवला तो त्याच खदखदीतून. आणि 'ते शिकतायत, काम थोडंच करतायत' असं ज्याला वाटतं त्याने २०२२ चा कॅलिफोर्निया विद्यापीठातला संप आठवावा. सुमारे ४८ हजार संशोधक-विद्यार्थी, पोस्टडॉक आणि शिक्षक-सहायक नोव्हेंबरात बाहेर पडले, आणि विद्यापीठ कोणाच्या खांद्यावर चालतं ते आठवड्याभरात सगळ्यांना दिसलं. करार असला की वेळेची किंमत ठरते. फ्रिज सहा महिने बंद राहिला तर ते सहा महिने पैसे देणाऱ्याच्या नावावर पडतात, आणि मग तोच विचारतो की सुटे भाग वेळेवर का आले नाहीत. आज हे विचारायचं कोणाला कारणच नाही. विद्यार्थी थांबतो, आणि त्याचं थांबणं फुकट आहे.

यावर आक्षेप येईल की पगार दिले तर जागा कमी होतील. होतील. मला ते चालेल. सपाट झालेल्या बजेटपुढे पंधरा जणांची रांग लावण्यापेक्षा आठ जणांना नीट घडवणं बरं. याहून टोचणारा आक्षेप वेगळा आहे: जागा कमी झाल्या की त्या कोणाला मिळतील? नामांकित कॉलेजातून आलेल्यांनाच. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तयार तोडगा नाही. एवढंच म्हणेन की आजची तुटपुंज्या, रखडणाऱ्या फेलोशिपची पद्धतही निवड करतेच. ज्याच्या घरी पैसे पाठवावे लागत नाहीत तो सहाव्या वर्षापर्यंत तगतो. आमच्या बॅचमधली सर्वांत हुशार मुलगी दुसऱ्या वर्षी सोडून गेली, ती हुशारी कमी पडली म्हणून नव्हे.

दुसरं, लॅबमध्ये कायमची माणसं हवीत, प्राध्यापक नसलेली. यंत्र सांभाळणारे, पेशी सांभाळणारे, हेलियमची गळती कानाने ओळखणारे. सगळं काम विद्यार्थ्यांवर टाकलं की दर पाच वर्षांनी लॅबची स्मृती पुसली जाते. हेलियम-३ मुळातच दुर्मीळ, बहुतांशी अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिशियमच्या क्षयातून मिळतं. ते मिश्रण एखाद्या नवख्याच्या हातून हवेत गेलं तर एका चुकीत एका माणसाच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त पैसे उडू शकतात. तरी यंत्रासाठी पैसे मंजूर होतात आणि यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाचं पद रिकामं राहतं. यंत्राचं उद्घाटन होतं. तंत्रज्ञाच्या नेमणुकीची फीत कोणी कापत नाही.

तिसरं अगदी स्वस्त आहे. प्रत्येक विभागाने आपले गेल्या दहा वर्षांतले विद्यार्थी कुठे आहेत, किती वर्षांत बाहेर पडले, किती जण मध्येच सोडून गेले, हे उघड लिहावं. नावं नकोत, आकडे पुरेत. पीएचडीला निघालेल्या कोणालाही माझा सल्लाही तोच असतो: विषय कितीही झळाळता असो, लॅबमध्ये जाऊन गाईडना नव्हे, चौथ्या-पाचव्या वर्षातल्या कोणाला तरी बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारा. तुमच्या आधीचे तिघे आता कुठे आहेत? आणि यंत्र बिघडलं की कोण दुरुस्त करतं? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर काय समजायचं ते समजा.

माझी ती रूममेट आता क्वांटममध्ये नाही. वैद्यकीय स्कॅनरचे चुंबक थंड ठेवणाऱ्या एका कंपनीत आहे, मजेत आहे, आणि फ्रिजपाशी घातलेली वर्षं तिथे रोज वापरते. मध्यंतरी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा रात्री दहाला तिला फोन आला. जुन्या लॅबमधला एक मुलगा, कधी भेटलेला नाही. तिने सोडताना फ्रिजच्या खोडींची हाताने लिहिलेली वही ठेवली होती, वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचा नंबर. मिश्रण फिरत नाहीये, दाब चढतोय, काय करू? ती बाल्कनीत जाऊन पाऊण तास त्याच्याशी बोलत होती. मला आतून फक्त झडपांचे क्रमांक ऐकू येत होते. शेवटी तिने विचारलं, "तुझं कितवं वर्ष रे?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. ट्रॅप आधी साफ कर, आणि उद्या सकाळी परत फोन कर."